चार आण्यांची डुलकी, बारा आण्यांचा हिशोब

या वेळच्या पत्रांत लिनक्स कर्नलच्या 'आयडल' भागाबद्दलचे (रिकाम्या कोअरला झोपवणाऱ्या भागाबद्दलचे) प्रश्न बरेच आले, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. फाइलींची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

प्रश्न : आमच्या ३२ कोअरच्या झिऑन सर्व्हरवर (स्कायलेक पिढी) एक छोटी सेवा चालते. दिवसा गर्दीत उत्तरं पटापट येतात. रात्री सेकंदाला जेमतेम हजार विनंत्या असतात, तेव्हा मात्र प्रत्येक उत्तराला जास्त वेळ लागतो. लोड कमी असताना सर्व्हर मंद कसा होतो?
— सर्व्हर अ‍ॅडमिन, पुणे

रात्रीच्या विनंत्या झोपलेल्या कोअरच्या दाराशी ताटकळतात. दिवसा कोअरला झोपायला सवडच मिळत नाही, म्हणून तेव्हा हा त्रास दिसत नाही.

तुमच्या प्रोसेसरसाठी 'इंटेल आयडल' ड्रायव्हरच्या टेबलमध्ये झोपेच्या तीन पायऱ्या आहेत, उथळपासून खोलपर्यंत. सी-१ मधून जागं व्हायला २ मायक्रोसेकंद लागतात, सी-१-ई मधून १० आणि सी-६ मधून १३३. याच टेबलात दुसरा एक आकडा असतो : किमान किती वेळ झोपलं तर ती पायरी वीज वाचवण्याच्या दृष्टीने परवडते. तो अनुक्रमे २, २० आणि ६०० मायक्रोसेकंद आहे. आता हिशोब करा. हजार विनंत्या ३२ कोअरवर विखुरल्या तर एका कोअरच्या वाट्याला सेकंदाला तीसेक येतात, म्हणजे दोन कामांमध्ये तीसेक मिलिसेकंदांची फट. सी-६ ला ६०० मायक्रोसेकंद पुरतात, तेव्हा विजेच्या दृष्टीने गव्हर्नरचा (कोणत्या पायरीत झोपायचं ते ठरवणाऱ्या कर्नलमधल्या भागाचा) निर्णय अगदी बरोबर आहे. पण विनंती आधी नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (लक्ष वेधणारा संकेत) घेणाऱ्या कोअरवर येते, तिथून अ‍ॅप्लिकेशनच्या, मग डेटाबेसच्या आणि परत अ‍ॅप्लिकेशनच्या कोअरवर जाते. चारही जण गाढ झोपेत असतील तर वाईटात वाईट ५३२ मायक्रोसेकंद नुसते उठण्यात जातात.

इथे दोन वेगळे आजार असतात आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. कोणता आजार आहे ते आधी ठरवा. 'सीपीयूपॉवर आयडल-इन्फो' चालवून पायऱ्यांची नावं आणि आकडे पाहून घ्या. मग सिस्-एफएसमध्ये (कर्नलची माहिती आणि सेटिंगं फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या 'सिस्' फोल्डरात) प्रत्येक सीपीयूच्या 'सीपीयूआयडल' फोल्डरात 'स्टेट०', 'स्टेट१' असे उपफोल्डर आहेत, त्यांतल्या 'युसेज', 'अबव्ह' आणि 'बिलो' या फाइली साठ सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. ही पायरी किती वेळा मागितली ते 'युसेज' सांगतं. 'अबव्ह' म्हणजे मागितली खरी, पण झोप तेवढी लांबली नाही. 'बिलो' म्हणजे याहून खोल पायरी चालली असती. समजा सी-६ चं युसेज साठ सेकंदांत ४०,००० ने वाढलं आणि अबव्ह १४,००० ने, तर शंभरातले ३५ अंदाज चुकले. ही गव्हर्नरची चूक. अशा वेळी 'मेन्यू' या गव्हर्नरऐवजी 'टीईओ' हा दुसरा गव्हर्नर लावून बघण्यात अर्थ आहे. तो कर्नल ५.१ पासून उपलब्ध आहे, तुमच्या डिस्ट्रोने कर्नलमध्ये बांधलेला असला म्हणजे झालं. 'अव्हेलेबल गव्हर्नर्स' या फाइलीत त्याचं नाव दिसलं तर 'करंट गव्हर्नर' मध्ये ते लिहा. ५.८ पूर्वीच्या कर्नलवर ही फाइल लिहिता येत नाही. त्यासाठी बूट होताना 'सीपीयूआयडल सिस्-एफएस स्विच' हा पर्याय द्यावा लागतो.

तुमच्या वर्णनावरून मात्र अबव्ह अगदी कमी निघेल असं वाटतं. तसं निघालं तर अंदाज बरोबर आहेत, फक्त १३३ मायक्रोसेकंदांची किंमत तुम्हाला परवडत नाही, आणि तुम्ही ती सांगितल्याशिवाय कर्नलला कळणार नाही. सांगण्याची सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे त्या-त्या सीपीयूच्या 'पॉवर' फोल्डरातली 'पीएम क्यूओएस रिझ्यूम लेटन्सी यूएस' ही फाइल. तिच्यात २० लिहिलं की १० वाली सी-१-ई चालते, १३३ वाली सी-६ बाद होते. रीबूट लागत नाही. एक खोच लक्षात ठेवा : या फाइलीत ० चा अर्थ 'काहीच अट नाही' असा आहे. अजिबात उशीर नको असेल तर शून्य नव्हे, 'एन/ए' लिहायचं. ही व्याख्या ज्याने ठरवली त्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण ती आता बदलणार नाही.

ही अट बत्तीसच्या बत्तीस कोअरना लावू नका. सेवा चालते ते सहा-आठ कोअर निवडा, नेटवर्क कार्डाचे इंटरप्टही त्यांच्यावरच वळवा आणि बाकीच्यांना खुशाल सी-६ मध्ये घोरू द्या. ते झोपले की चिपच्या वीज-मर्यादेतला त्यांचा वाटा जागे असलेल्यांना मिळतो आणि टर्बो (कोअरचा तात्पुरता वाढीव वेग) वर चढतो. सगळ्यांची झोप मोडली तर हा फायदा जातो आणि एकेका धाग्याचा वेग उलट कमी होऊ शकतो. शिवाय काम थोड्या कोअरवर गोळा झाल्याने दोन कामांमधली फटही आपोआप लहान होते.

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर नेटवर्क कार्डाचं इंटरप्ट एकत्र करण्याचं सेटिंग तपासा. 'ईथटूल' मध्ये ते 'आरएक्स-यूसेक्स' नावाने दिसतं. तिथे ५०-१०० मायक्रोसेकंद बसलेले असले तर आपण उगाच झोपेला दोष देत होतो.

प्रश्न : मी 'डेव्ह' मधल्या 'सीपीयू डीएमए लेटन्सी' या फाइलीत 'इको' ने १०० लिहिलं. काहीही फरक नाही. परवानगीची चूकही येत नाही. फाइल निकामी आहे का?
— एम्बेडेड अभियंता, नाशिक

फाइल ठणठणीत आहे. तुमच्या त्या एका ओळीत दोन चुका आहेत.

पहिली नेहमीची. ही विनंती फाइल उघडी असेपर्यंतच टिकते. 'इको' लिहितो, फाइल बंद करतो, आणि विनंती त्याच क्षणी रद्द होते. प्रोग्रॅम मेला तर त्याची अट मागे लटकत राहू नये, म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. कर्नलला या फाइलीत नेमके चार बाइट मिळाले की तो त्यांना थेट ३२ बिटांची संख्या समजतो. चाराहून कमी-जास्त आले तरच मजकूर म्हणून वाचतो, आणि तोही षोडशमान (१६ च्या पायावरच्या) पद्धतीने. 'इको' ने १०० लिहिलं म्हणजे तीन अंक आणि शेवटचा ओळ-बदल मिळून चार बाइट झाले : ३१, ३०, ३०, ०ए. लिटल-एंडियन (संख्येचा खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर त्यांची संख्या होते १७,०९,३०,२२५. म्हणजे तुम्ही कर्नलला सांगितलंत की जागं व्हायला १७१ सेकंद लागले तरी चालतील! आणि २० लिहिलं असतं तर ओळ-बदल धरून तीनच बाइट, म्हणून मजकूर, म्हणून षोडशमान, म्हणजे ३२ मायक्रोसेकंद.

तेव्हा सी किंवा पायथनमध्ये फाइल उघडा, ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक चार बाइटांत लिहा (पायथनमध्ये बफरिंग बंद ठेवून) आणि काम संपेपर्यंत ते हँडल सोडू नका. ही अट सगळ्या सीपीयूंना लागते. एखाद-दोन कोअरपुरती हवी असेल तर वरच्या उत्तरातली फाइल वापरा. तिथे मजकूर दशमानातच वाचला जातो आणि फाइल उघडी ठेवावी लागत नाही.

प्रश्न : बूट-लाइनवर 'इंटेल आयडल डॉट मॅक्स सी-स्टेट = ०' दिलं तरी सी-६ चालूच दिसतं. आता 'आयडल = पोल' देऊ का?
— नवी मुंबई

० दिल्याने खोल पायऱ्या बंद होत नाहीत, आख्खा इंटेल आयडल ड्रायव्हरच बंद होतो. मग 'एसीपीआय आयडल' त्याची जागा घेतो आणि फर्मवेअरने सांगितलेल्या पायऱ्या वापरतो. 'करंट ड्रायव्हर' फाइल वाचा, तेच नाव दिसेल. तुम्हाला हवं होतं ते १. हा आकडा पायरीचा अनुक्रम आहे, नावातला नव्हे : स्कायलेक झिऑनवर ३ दिलं की त्यात सी-६ सुद्धा आलं.

'आयडल = पोल' देऊ नका. कोअर रिकामा असताना गरागरा फिरत राहतो, त्याच कोअरवरच्या दुसऱ्या हायपरथ्रेडचा वाटा खातो, टर्बो दाबतो आणि यंत्र तापवतो. आणि हे सगळं परत रीबूट करेपर्यंत. एवढ्या टोकाची गरज खरोखर असली तर चालू यंत्रावर पहिल्या उत्तरातल्या क्यूओएस फाइलीने तेच साधतं आणि मागेही घेता येतं.

प्रश्न : अभ्यासक्रमासाठी कर्नलचा आयडल लूप वाचते आहे. करायला काही नाही म्हणून झोपायचं, तर त्याआधी एवढी कामं का? झोपण्याच्या आणि उठण्याच्या या खर्चात आजवर काटछाट कुठे-कुठे झाली?
— संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

झोप लांब असेल तर ही कामं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पाच-दहा मायक्रोसेकंदांची असेल तर मात्र चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

क्रम साधारण असा असतो. झोपण्याआधी गव्हर्नर पायरी निवडतो, टिक (ठरावीक अंतराने येणारा टायमरचा इंटरप्ट) थांबवायची की ठेवायची ते ठरतं, आरसीयूला (सामायिक डेटा कोण वाचतंय यावर लक्ष ठेवणाऱ्या कर्नलमधल्या यंत्रणेला) 'मी आता झोपतोय' असं कळवलं जातं, आणि मग ड्रायव्हर कोअरला झोपवणारी 'एमवेट' किंवा 'हॉल्ट' ही सूचना देतो. उठल्यावर आरसीयूला परत सांगणं, किती झोपलो ते मोजणं, गव्हर्नरची वही भरणं, टिक थांबवली असेल तर सुरू करणं, आणि मग शेड्युलर.

यातला सगळ्यात जाड खर्च टिकचा. टिक थांबवायची म्हणजे पुढचा टायमर कधी आहे ते शोधायचं आणि टायमरचं हार्डवेअर नव्याने लावायचं, उठल्यावर ते सगळं उलट करायचं. ४.१७ च्या आधी क्रम उफराटा होता : टिक आधी थांबायची, गव्हर्नरला नंतर विचारलं जायचं. तो म्हणणार, झोप पाच मायक्रोसेकंदांची आहे, पण टिक तोवर थांबलेली. २०१८ मध्ये, ४.१७ मध्ये हा क्रम बदलला. आता आधी अंदाज घेतला जातो, आणि झोप टिकच्या एका फेरीपेक्षा लहान दिसली तर टिकला हातच लावत नाहीत. २५० हर्ट्झच्या कर्नलवर ही फेरी ४ मिलिसेकंदांची असते. यात जोडफायदाही आहे. गव्हर्नरने छोटी झोप धरली आणि ती लांबली, तर चालू असलेली टिक कोअरला उठवते आणि त्याला खोल पायरी निवडायची दुसरी संधी मिळते. पूर्वी तो उथळ पायरीतच वीज खात पडून राहायचा.

दुसरा खर्च घड्याळ बघण्याचा. किती झोपलो ते मोजायला आधी 'केटाइम गेट' वापरत. घड्याळाचा स्रोत टीएससी (सीपीयूमधलाच गणक) असेल तर ते स्वस्त आहे. पण टीएससी अस्थिर ठरून कर्नल एचपीईटी या वेगळ्या टायमरवर गेला असेल, तर प्रत्येक वाचन चिपबाहेरच्या रजिस्टरपर्यंत जाऊन येतं. २०१६ मध्ये तिथे 'लोकल क्लॉक' आलं. झोपेच्या मोजणीला तेवढी अचूकता पुरते. तुमच्या यंत्रावर 'करंट क्लॉकसोर्स' ही फाइल एकदा वाचा. तिथे एचपीईटी दिसलं तर टीएससी का नाकारलं ते 'डीमेसेज' मध्ये (कर्नलच्या नोंदींत) शोधा, बाकीची काटछाट नंतर.

तिसरा खर्च म्हणजे मेन्यू गव्हर्नरचं गणित. तो शेवटच्या आठ झोपांचे कालावधी लक्षात ठेवतो, त्यांची सरासरी आणि विचरण काढतो. सरासरी प्रमाण विचलनाच्या सहापटीहून मोठी असेल, म्हणजे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर त्या सरासरीवर विश्वास ठेवतो. नसतील तर टोकाचे आकडे वगळून पुन्हा बघतो. प्रमाण विचलनासाठी वर्गमूळ लागतं, आणि झोपायच्या वाटेवर पूर्णांकांचं वर्गमूळ काढणं म्हणजे चैनच. २०१६ च्याच एका बदलाने ते काढून टाकलं. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की सरासरीचा वर्ग विचरणाच्या ३६ पटींहून मोठा आहे का, एवढंच बघायचं उरतं. शाळेत शिकवलेली युक्ती आहे, फक्त ती तिथे हवी हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

एक काटछाट मात्र झोपणाऱ्याच्या नव्हे, उठवणाऱ्याच्या खर्चात आहे. झोपलेल्या कोअरला काम द्यायचं तर त्याला इंटरप्ट पाठवावा लागतो. पण तो एमवेटमध्ये असेल तर तो स्वतःच्या थ्रेडच्या फ्लॅगच्या शब्दावर नजर ठेवून असतो. त्या शब्दात एक बिट लिहिलं की तो उठतो, इंटरप्ट लागतच नाही. 'मी पाहतोय' हे जाहीर करणाऱ्या फ्लॅगचं नाव कोडमध्ये 'टीआयएफ पोलिंग एनआरफ्लॅग' असं दिसेल. 'आयडल = नोएमवेट' देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं : हॉल्टवर गेलात की ही सवलत गेली.

आणि पोलिंगच्या (न झोपता काम आलं का ते सतत बघत राहण्याच्या) पायरीतली एक बारीक गोष्ट. तिथला लूप 'काम आलं का' हे प्रत्येक फेरीत बघतो, पण घड्याळ दर २०० फेऱ्यांनीच. कारण उघड आहे, घड्याळ महाग. प्रत्येक फेरीत 'पॉज' सूचना असते आणि स्कायलेकवर ती सुमारे १४० सायकल खाते, आधीच्या पिढ्यांत ती दहाच्या आसपास होती. २०० गुणिले १४० म्हणजे २८,००० सायकल, ३ गिगाहर्ट्झवर ९ मायक्रोसेकंदांच्या थोडं वर. तेव्हा पोलिंगची वेळमर्यादा तिथे तेवढ्याने घसरू शकते. कामाला त्याने उशीर होत नाही, वीज तेवढी जास्त जाते.

प्रश्न : केव्हीएमवरच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनवरच्या) व्हर्च्युअल मशीनमध्ये एकमेकांना सतत छोटे निरोप पाठवणारे दोन प्रोसेस आहेत. प्रत्यक्ष यंत्राच्या तुलनेत फारच हळू चालतात. होस्टवर 'पर्फ केव्हीएम स्टॅट' मध्ये हॉल्टचेच ढीग दिसतात.
— क्लाउड टीम, ठाणे

गेस्टने (व्हर्च्युअल मशीनने) हॉल्ट दिलं की साधी झोप लागत नाही, आख्खं नियंत्रण होस्टकडे (प्रत्यक्ष यंत्राकडे) जातं. होस्ट तो व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी सीपीयू) बाजूला काढतो, निरोप आला की इंटरप्ट, मग पुन्हा शेड्युलिंग, मग पुन्हा आत. टायमर लावणं-काढणंही बऱ्याचदा बाहेर जाऊन येतं.

होस्टवर यासाठी 'हॉल्ट पोल एनएस' आहे. गेस्ट झोपला तरी होस्ट थोडा वेळ दारात थांबून बघतो. एक्स-८६ वर ही मर्यादा मुळातच २,००,००० नॅनोसेकंद असते, तेव्हा ती कुणी ० करून ठेवली आहे का एवढं तपासा. पण बाहेर जाण्याचा खर्च यात वाचत नाही. तो वाचवायचा तर गेस्टनेच बाहेर पडण्याआधी थोडं थांबायला हवं. ५.४ पासूनचा 'हॉल्टपोल' गव्हर्नर हेच करतो : सुरुवात ५०,००० नॅनोसेकंदांपासून, अनुभवाप्रमाणे २,००,००० पर्यंत वाढ. त्याचा ड्रायव्हर आपोआप सुरू होण्यासाठी क्यूएमयूमध्ये (होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'केव्हीएम-हिंट-डेडिकेटेड' लावलेलं असावं लागतं, नाहीतर मॉड्यूलला 'फोर्स' द्या. गेस्ट पोल करू लागला की तो होस्टला तुझं पोलिंग थांबव असं कळवतो, त्यामुळे एकच थांबणं दोनदा होत नाही.

कोअर गेस्टला कायमचे बांधून दिलेले असतील तर क्यूएमयूचा 'ओव्हरकमिट सीपीयू-पीएम = ऑन' आणखी पुढे जातो : हॉल्ट आणि एमवेट गेस्ट थेट चालवतो, बाहेर येतच नाही. होस्टला मात्र तो व्हीसीपीयू कायम शंभर टक्के चालू दिसतो. त्याच कोअरवर दुसरं कुणी असेल तर त्याचे हाल, म्हणून वाटून घेतलेल्या होस्टवर हे करू नका. हॉल्टपोललाही तीच अट, जरा सौम्य. शेजारच्या मशीनमध्ये 'स्टील' चा (होस्टने न दिलेल्या सीपीयू-वेळेचा) आकडा चढू लागला की समजा, आपली बचत त्याच्या खिशातून होते आहे.

प्रश्न : सायक्लिकटेस्टमध्ये (जागं होण्यातला उशीर मोजणाऱ्या चाचणीत) कमाल उशीर ९ मायक्रोसेकंद येतो. तोच बोर्ड, तोच कर्नल, पण आमच्या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये दीडशेपर्यंत जातो. प्रोग्रॅममध्ये शोधायचं काय?
— औद्योगिक नियंत्रण, छत्रपती संभाजीनगर

प्रोग्रॅम सोडा, चाचणीच फसवी आहे. सायक्लिकटेस्ट सुरू होताच 'सीपीयू डीएमए लेटन्सी' मध्ये ० लिहितं आणि संपेपर्यंत फाइल धरून ठेवतं. म्हणजे चाचणी चालू असताना सगळे कोअर जागेच, आणि ती संपली की परत गाढ झोपेत. '--डिफॉल्ट-सिस्टिम' देऊन चाचणी पुन्हा घ्या. तिथेही दीडशेच्या आसपास आलं तर दोष खोल पायरीचा, आणि मग तुमच्या प्रोग्रॅमनेही तीच फाइल धरून ठेवायची, फक्त ० ऐवजी परवडेल तेवढा आकडा लिहून. किती लिहायचा ते तुमच्या बोर्डाच्या 'लेटन्सी' फाइलींवरून ठरवा, आणि चार बाइटांचं वर सांगितलेलं विसरू नका.